देवाला परत करायची दाढी

दाढी कायमची घालवायची असेल तर आधी ती वाढवावी लागते. हे ऐकून माझ्या सासूबाईंनी माशाच्या पेजेची वाटी खाली ठेवली.

"म्हणजे झाडलोट करायची म्हणून आधी अंगणात कचरा आणून टाकायचा," त्या म्हणाल्या.

"साधारण तसंच," वन्सं म्हणाल्या. "पाच दिवस वस्तरा लावायचा नाही. केस चिमट्यात धरता आला पाहिजे. मग येन बाई त्याच्या मुळाशी सुई घालणार, विजेचा चटका देणार आणि उपटणार."

"सगळे एकदम?"

"एकेक."

"हनुवटी आहे की भाताचं खाचर," सासूबाई म्हणाल्या आणि वाटी पुन्हा उचलली.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, पो-शुनची, मोठी बहीण पेइ-रोंग. जन्मल्या तेव्हा घरच्यांनी मुलगा झाला म्हणून नोंद केली होती. मी लग्न होऊन ताइनानला या घरात आले तेव्हा त्या केस वाढवत होत्या. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला वन्संच म्हण, सवय होईल." मला लगेच झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घरनोंदणी कचेरीत जाऊन नावही बदललं. जुनं नाव मला ठाऊक आहे, पण इथे त्याचं काही काम नाही. सासूबाई मात्र ना जुन्या नावानं हाक मारत, ना नव्या. "थोरलं जेवलं का?" "थोरल्याला आंबे देऊन ये." दोन वर्षं त्यांनी असं थोरल्यावर भागवलं होतं.

वन्सं आता वेगळ्या राहतात आणि लग्नाचे केक करणाऱ्या एका जुन्या दुकानात भट्टीवर असतात. तिथे टोपी आणि मास्क लागतोच, त्यामुळे दाढी वाढवायचे दिवस निभतात. एरवीसुद्धा आमच्याकडे तोंडावर मास्क असला तर कुणी काही विचारत नाही. सर्दी असेल म्हणतात. पाच वर्षं सर्दी असेल म्हणतात.

त्यांनी सगळे उपाय करून पाहिले होते. लेसरच्या आठ बैठका झाल्या. पण लेसरला काळे केस दिसतात, पांढरे दिसत नाहीत, आणि वन्संच्या हनुवटीवर सदतिसाव्या वर्षीच पांढरे आले होते. काळे गेले ते गेले, उरलेले म्हाताऱ्या बोकडासारखे डोलत राहिले. मग देवळाच्या दारात, वडाखाली, ग्योक मावशी दोरा घेऊन बसते तिच्याकडे गेल्या. तिनं गल्लीतल्या चाळीस नवऱ्या मुलींची तोंडं लग्नाआधी साफ केली आहेत. तिनं वन्संच्या गालाला पांढरी पूड लावली, दोऱ्याचं एक टोक दातात धरलं, आणि तीनदा दोरा तुटला. चौथ्यांदा मावशीचा दात हलला. "हे तोंड नाही, भांडी घासायचा ब्रश आहे," असं म्हणून तिनं पूड पुसून दिली. शेवटी येन बाईंची सुई. त्या सुईच्या एकतीस बैठका झाल्या होत्या, आणि बत्तिसावी येत्या सोमवारी होती.

अडचण एवढीच की रविवारी माझ्या लेकीची लाळ पुसायची होती.

आमची बीको चार महिन्यांची झाली. चार महिन्यांच्या बाळाच्या गळ्यात लाल दोऱ्यात ओवलेली बिस्किटं घालतात, आणि घरातला प्रत्येक मोठा माणूस एकेक बिस्किट मोडून बाळाचे ओठ पुसतो, म्हणजे लाळ गळायची थांबते आणि बोल फुटतो. आमच्या घरात पहिली आजी आणि मग आत्या. सासूबाईंनी पंचांग पाहून रविवार काढला. बिस्किटं वन्संनीच भाजली, चोवीस, मधोमध भोक पाडून. त्यातली पाच फुटली म्हणून त्यांनी पुन्हा पाच केली. माझ्या लेकीसाठी बाहेर कुणी एवढं करणार नाही.

बुधवारी डबा घेऊन आल्या, मास्क हनुवटीखाली ओढला, बीकोला मांडीवर घेतलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आई, रविवारी तुझ्यानंतर माझा नंबर ना?"

सासूबाई गॅलरीत आरशासमोर होत्या. त्यांच्या हनुवटीवरही तीन केस आहेत, जाडजूड. ते त्या रोज सकाळी चिमट्यानं उपटतात आणि ही गोष्ट घरात कुणाला माहीत नाही असं समजतात.

"देवाच्या वहीत तू अजून त्याचा मुलगा आहेस," त्या आरशातूनच म्हणाल्या. "सगळ्यांसमोर, देव्हाऱ्यासमोर, आत्या म्हणून हाक मारू? मी देवाशी खोटं बोलणार नाही."

त्याची गोष्ट अशी. वन्सं दीड वर्षाच्या असताना ताप उतरेना. तेव्हा सासूबाईंनी त्यांना कुआनकाँग देवाच्या ओटीत घातलं. कुआनकाँग म्हणजे लाल तोंडाचा, लांब दांड्याची तलवार घेतलेला, पोटापर्यंत काळीभोर दाढी असलेला देव. 'हे तुझं लेकरू, तुझ्यासारखं धडधाकट होऊ दे', असा नवस बोलला आणि गळ्यात लाल दोरा बांधला. ताप उतरला. लेकरू सोळा वर्षांचं झालं की देवळात जाऊन, नैवेद्य दाखवून तो दोरा सोडवायचा असतो. पण त्या वर्षी सासरे वारले, घरात सुतक आलं, आणि दोरा सोडवायचा राहूनच गेला. तो बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात पडून आहे.

"तुझ्यासारखं होऊ दे असं मीच मागितलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "देवानं त्याच्यासारखी दाढी दिली. आता करार मोडलेला नाही, म्हणून तो पाठवतोच आहे. येन बाईंचा हात वाईट नाही. वरून माल येतोय त्याला ती काय करणार?"

"आई, केसांची पाळी असते. काही जागे असतात, काही झोपलेले. झोपलेला नंतर उठतो, म्हणून पुन्हा जावं लागतं."

"तेच म्हणते मी. त्या झोपलेल्याला उठवतंय कोण?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं.

खाली जाताना जिन्यात त्या मला म्हणाल्या, "रविवारी सकाळी वस्तरा फिरवते. येन बाईंचा नंबर जाऊ दे, पुढचा तीन महिन्यांनी मिळेल. निदान गुळगुळीत तोंडानं मागे उभी राहीन. आईनं आत्या म्हणावं असं वाटत होतं, एकदाच. पण नाही म्हणाली तर नाही."

बीकोनं त्यांच्या खांद्यावर लाळेचं मोठं तळं केलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही, तसंच घेऊन गेल्या.

मी वर आले आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, वहीत चुकीची नोंद असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी. घरनोंदणी कचेरीत करतातच की."

सासूबाई विचारात पडल्या. हा मुद्दा त्यांच्या स्वभावातला होता.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे देवळात. पो-शुनच्या हातात फळांची टोपली, माझ्या कडेवर बीको, सासूबाईंच्या पिशवीत तो लाल दोरा. वन्सं मास्क लावून.

"काढ तो," सासूबाई म्हणाल्या. "ज्यानं दिली त्याला बघू दे तरी."

वन्संनी मास्क काढला. चार दिवसांची दाढी. वर देवाची, पाच बटांची, पोटापर्यंत आलेली. दोघं एकमेकांकडे बघत होते आणि खरं सांगायचं तर देवाचीच विरळ दिसत होती. देवळाची राखण करणारे खिम काका खुर्चीतून म्हणाले, "डावीकडची बट गेल्या वर्षी उंदरानं नेली. खऱ्या केसांची आहे, तशी आता मिळत नाही."

देवाला विचारायचं ते लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकून. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर हो. दोन्ही फुगीर तर नाही. दोन्ही सपाट तर देव हसला, म्हणजे प्रश्नच नीट विचारलेला नाही. मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीन हो लागतात.

सासूबाईंनी गुडघे टेकले, नाव, जन्मतारीख, पत्ता एका दमात म्हटला आणि विचारलं, "सुईनं काढलेली चालेल का?"

देव हसला.

"पुन्हा लेसर करायचा का?"

देव हसला.

"ती जळजळणारी क्रीम?"

एक चंद्रकोर घरंगळत नैवेद्याच्या टेबलाखाली गेली. पो-शुननं छत्रीच्या दांड्यानं ओढून काढली. तीही सपाट.

तोवर ग्योक मावशी पूड लागलेल्या हातांनी आत आली होती. "माझ्या दोऱ्याचं विचार की."

दोन्ही फुगीर.

"का म्हणून? एवढ्या मुली उजळवल्या मी."

"तीनदा तुटला तुझा दोरा," खिम काका म्हणाले. "देव इथेच बसलेला असतो, त्याला दिसतं."

"मेण?" "वस्तरा?" "जशी आहे तशी ठेवायची?" या शेवटच्या प्रश्नावर देव सगळ्यात जास्त हसला, म्हणजे दोन्ही चंद्रकोरी सपाट पडून गोल गोल फिरत राहिल्या. लॉटरीची तिकिटं विकणारी बाई, गाडीतळावरचा म्हातारा, सगळे भोवती जमले. प्रत्येकाला एकेक उपाय माहीत होता. म्हातारा म्हणाला, त्याच्या गावाकडे पपईचा चीक लावतात. देवाला पपईही नको होती.

वन्सं मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांचे कान लाल झाले होते. मी बीकोला त्यांच्याजवळ सरकवलं, तशी तिनं त्यांचं बोट धरलं.

"पत्ता कुठला सांगितलास?" खिम काकांनी विचारलं.

"कालव्याजवळचा. नवस केला तेव्हाचा."

"ते घर पाडून बारा वर्षं झाली. तिथे आता चहाचं दुकान आहे. देव तिथे रांगेत उभा असेल." ते खुर्चीतून उठले. "आणि नाव कुठलं?"

सासूबाई पिशवीतला दोरा चाचपू लागल्या.

"नाव बदललंय ना? भाजीवाल्यालासुद्धा माहीत आहे. मग नवं सांग. चुकीच्या नावाचं पाकीट आलं तर मीसुद्धा परत पाठवतो."

वन्संनी हळूच सासूबाईंचा तळहात हातात घेतला, आपल्या नावाची अक्षरं बोटानं त्यावर लिहून दाखवायला.

सासूबाईंनी हात ओढून घेतला. "मला माहीत आहेत. घरनोंदणीचा कागद वाचलाय मी. वाचता येतं मला."

मग देवाकडे वळून, त्या घरातली भांडी मोजतात तशा सावकाश म्हणाल्या, "शिआओ पेइ-रोंग. माझं थोरलं लेकरू. राहायला आता स्टेशनमागे, तिसरा मजला, खाली छत्र्यांचं दुकान. आधी दुसरं नाव सांगत होते. ती चूक माझी, तिची नव्हे." थोडं थांबून म्हणाल्या, "कशानं काढायची ते तिचं ती बघेल. तू दिलेलं तुला परत हवंय का, एवढंच सांग."

हो.

त्यांनी चंद्रकोरी उचलल्या. हो.

तिसऱ्या वेळी त्या हात वर नेत होत्या तेवढ्यात बीको पुढे झुकली आणि तिच्या लाळेची एक लांब तार सरळ सासूबाईंच्या बोटांवर उतरली. चंद्रकोरी निसटल्या. एक सपाट, एक फुगीर.

"टाकलं नाही, निसटलं," ग्योक मावशी म्हणाली. तिच्या मनात दोऱ्याचं होतंच.

"देवाला घाई असेल," खिम काका म्हणाले आणि त्यांनी हात झटकले.

म्हणजे दाढी परत करायची हे ठरलं. कशी करायची ते सासूबाईंनी देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत ठरवून टाकलं. सोमवारी येन बाई जे केस काढतील ते लाल पाकिटात घालून देवापुढे ठेवायचे आणि दोरा सोडवायचा.

"आणि तोवर वस्तरा लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "आता ती तुझी नाही. दुसऱ्याची वस्तू परत द्यायच्या आदल्या दिवशी कुणी नासधूस करतं का?"

वन्सं जागच्या जागी थांबल्या. "आई, उद्या सगळे येणार आहेत."

"येऊ देत."

"मास्क लावते मग."

"बिस्किट मोडताना मंत्र म्हणायचा असतो. मास्कातून देवाला काय ऐकू जाणार?"

संध्याकाळी वन्संचा फोन आला. "मी येत नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं वाट पाहिली, आणि आता ती हाक मारणार ती या तोंडाला. दाढी घेऊन आत्या कशी होऊ ग मी?"

बीको माझ्या मांडीवर पीत होती, एक डोळा मिटून. मी म्हटलं, "वन्सं, हिनं अजून कुठलीच आत्या पाहिलेली नाही. तुम्ही जशा याल तशीच आत्या असते असं तिला वाटेल."

पलीकडे भट्टीचा पंखा घरघरत होता. मग म्हणाल्या, "तिला फार घट्ट लोकरीचं घालू नकोस. उकडतं."

रविवारी त्या आल्या. निळा झगा, केस वर बांधलेले, कानात मोत्याचे डूल, आणि खाली पाच दिवसांची दाढी, काळी-पांढरी. दारातच माझे थोरले चुलतसासरे भेटले. ते आधी डुलांकडे पाहायचे, मग दाढीकडे, मग पुन्हा डुलांकडे, टेबलटेनिस बघावं तसे.

"काय बघताय भाऊजी," सासूबाई आतून म्हणाल्या. "देवाची आहे. उद्या परत जायची."

"कुठल्या देवाची?"

"दाढीचे देव असे किती आहेत?"

"पुष्कळ आहेत," चुलतसासरे म्हणाले. ते निवृत्त शिक्षक आहेत. "भूमिदेवालाही आहे."

"त्याची पांढरी. ही काळी आहे."

"यात पांढरे दिसतात."

"ते माझ्या काळजीनं झाले," सासूबाई म्हणाल्या. "बसा आता. चहा घ्या."

यावर चुलतसासऱ्यांनी चहा घेतला.

बीकोच्या गळ्यात चोवीस बिस्किटांची माळ घातली. ती तिच्या पोटाच्याही खाली आली. तिनं लगेच एक तोंडात घातलं. सासूबाईंनी पहिलं बिस्किट मोडलं, ओठ पुसले, म्हणाल्या, "लाळ वाळो, बोल येवो, आजीला आधी हाक मारो." मग मागे वळल्या. वन्सं फ्रिजजवळ उभ्या होत्या, पाठीमागे हात बांधून, लहान मुलं शाळेत उभी राहतात तशा.

"पेइ-रोंग," सासूबाई म्हणाल्या. "लांब काय उभी आहेस? आत्याचा नंबर आहे."

वन्सं आल्या. बिस्किट मोडलं तर त्याचे दोनाऐवजी पाच तुकडे झाले. चोवीस बिस्किटांना नेमकं भोक पाडणारी बाई. त्यातला एक तुकडा बीकोच्या ओठांवरून फिरवत त्या म्हणाल्या, "लाळ वाळो, बोल येवो," आणि पुढचं त्यांना आठवेना.

बीकोला तेवढ्यात दाढी सापडली. तिनं दोन्ही पंजे त्यांच्या हनुवटीवर ठेवले, घासले, दचकली, पुन्हा घासले. मग तोंड उघडून खदखदून हसली. ती अशी हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. हसता हसता सगळी लाळ दाढीवर, आणि त्यावर बिस्किटाचा चुरा.

"झालं," चुलतसासरे म्हणाले. "आता दोघांची पुसा."

ते चेष्टेनंच म्हणाले होते. पण सासूबाईंनी माळेतलं आणखी एक बिस्किट मोडलं, वन्संची मान एका हातानं खाली वाकवली आणि त्यांच्या ओठांवरून, हनुवटीवरून, त्या सगळ्या खुंटांवरून ते सावकाश फिरवलं. "लाळ वाळो, बोल येवो," त्या म्हणाल्या. "तुझे चार महिने भरले तेव्हा पाऊस होता. कुणी आलं नव्हतं. मी एकटीनंच पुसली होती."

वन्संनी डोळे मिटून घेतले होते. बिस्किट दाढीवर खरखरत होतं. मी स्वयंपाकघरात गेले, चहा झाला का बघायला. चहा केव्हाच झाला होता.

सोमवारी येन बाईंकडे सासूबाई स्वतः गेल्या, लाल पाकीट आणि पेपर वाचायचं भिंग घेऊन. चार तास त्या शेजारी स्टुलावर बसल्या. प्रत्येक केस चिमट्यातून कागदावर, कागदावरून पाकिटात. एक खाली पडला तर त्यांनी येन बाईंना दिवा हलवायला लावला आणि फरशीवरून तो शोधून काढला. येन बाई वन्संना म्हणाल्या, "एकतीस बैठकांत एवढं दडपण नव्हतं मला."

काम संपलं तेव्हा सासूबाईंनी दार लावून घेतलं, मास्क खाली केला आणि हनुवटी पुढे केली. "माझे तीन आहेत. होतील का आत्ताच?"

येन बाईंनी दिव्याखाली पाहिलं. "आज सकाळीच उपटलेत ना? आता काही करता येत नाही. पाच दिवस वाढवून या."

मंगळवारी देवळात दोरा सुटला. पाकीट वहीत कुठल्या खात्याखाली लिहायचं ते खिम काकांना कळेना. शेवटी त्यांनी 'इतर' या रकान्यात लिहिलं: दाढी, एक, परत मिळाली. नंतर देवाच्या डाव्या बटेकडे आणि पाकिटाकडे आळीपाळीनं पाहत म्हणाले, "फार आखूड आहेत."

याला तीन महिने झाले. वन्संच्या हनुवटीवर थोडे अजून उगवतात, त्यांचा नंबर उद्या आहे. सासूबाई बुधवारपासून मास्क लावून हिंडतात. बाजारात कुणी विचारलं तर सर्दी म्हणतात. रोज सकाळी वन्सं कामावर जाताना इकडे डोकावतात, दोघी गॅलरीत आरशासमोर उभ्या राहतात, बीको खाली सतरंजीवर पालथी पडून त्यांचे पाय चाखते. लाळ काही थांबलेली नाही.

"बघू आई, किती वाढले?"

"दोन दिसतात," सासूबाई मास्क खाली करून म्हणाल्या. "तिसरा झोपलाय."

"उठेल."

"उठेल तेव्हा उठेल," त्या म्हणाल्या. "पेइ-रोंग, उजेडातून जरा बाजूला हो."